बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करताय? तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय!

करकंब (ता. पंढरपूर) : ‘आता बीपी नॉर्मल आलाय, मग गोळी कशाला?’ करकंब, भोसे, बार्डी, जळोली या भागातच नाही, तर कुठल्याही गावच्या दवाखान्यात हा प्रश्न रोज विचारला जातो. काहीजण तर विचारतही नाहीत. मशीनवर आकडा चांगला आला, अंगाला काही त्रास नाही, म्हणून गोळ्यांची पट्टी फळीवर तशीच पडून राहते. महिना जातो, दोन महिने जातात. काहीच होत नाही. मग घरातलेही म्हणतात, बघा, गोळीशिवाय चाललंच की.

इथंच फसगत होते. बीपी, शुगर, थायरॉईड, फिट, हृदयविकार अशा आजारांची गोळी सर्दी-तापाच्या गोळीसारखी नसते. हा फरक नीट समजला, तर लकवा, हार्ट अटॅक आणि डायलिसिस यांपासून अनेक घरं वाचू शकतात.

फवारणी वेगळी, ठिबक वेगळं

शेतकऱ्याला हे समजावून सांगायला शेतातलंच उदाहरण पुरतं. द्राक्षावर रोग पडला की आपण फवारणी करतो. रोग आटोक्यात आला की ती फवारणी थांबते. तापाची, जंतुसंसर्गाची गोळी अशी असते. पाच-सात दिवसांचा कोर्स पूर्ण केला की काम संपलं.

बीपीची किंवा शुगरची गोळी मात्र ठिबकसारखी आहे. बाग हिरवीगार दिसते, कारण ठिबक चालू आहे. बाग हिरवी झाली म्हणून कुणी ठिबकच्या नळ्या गुंडाळून ठेवत नाही. नळ्या काढल्या तर बाग त्याच दिवशी वाळत नाही. चार-आठ दिवस तशीच दिसते, मग माना टाकायला लागते. बीपीचंही तसंच आहे. गोळी बंद केल्यावर आकडा काही दिवसांत, काही आठवड्यांत पुन्हा वर चढतो. फरक एवढाच की वाळलेली बाग डोळ्यांना दिसते, चढलेला बीपी दिसत नाही.

बीपी वाढला की डोकं दुखतं, चक्कर येते, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांना काहीच जाणवत नाही. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० याच्या वर सतत राहिला, तर मेंदू, हृदय, किडनी आणि डोळे यांच्या बारीक रक्तवाहिन्या आतून खराब होत जातात. पाइपलाइनला रोज जास्त दाब दिला तर एक दिवस जोड सुटतोच. माणसाच्या बाबतीत तो जोड मेंदूत सुटला की लकवा, हृदयात अडकलं की अटॅक.

हा त्रास किती जणांना?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि वीस वर्षांवरच्या लोकांपैकी ३५ टक्क्यांहून जास्त जणांना बीपी आहे. म्हणजे साधारण तिघांत एक. हा आता शहरातल्या, बसून काम करणाऱ्यांचा आजार राहिलेला नाही. रानात राबणाऱ्यालाही होतो आणि चाळिशीच्या आतल्यालाही होतो.

गोळी अर्ध्यात सोडणं ही फक्त खेड्यातली गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००३ च्या अहवालात म्हटलं होतं की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घ आजाराच्या रुग्णांपैकी सरासरी निम्मेच लोक औषध सांगितल्याप्रमाणे घेतात. त्यामुळे ज्याची गोळी चुकते त्याला अडाणी ठरवण्यात अर्थ नाही. रोज, आयुष्यभर, काहीही दुखत नसताना गोळी घेणं हे मुळातच अवघड काम आहे. त्यासाठी घरात थोडी व्यवस्था लावावी लागते.

आपल्या राज्यातही याची सुरुवात झालेली आहे. २०१७ साली देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातले सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे चार जिल्हे होते. त्यात फार मोठी यंत्रं नव्हती. ठरलेल्या मोजक्या गोळ्या, त्यांचा न खंडणारा साठा, रुग्णाचं कार्ड, दर महिन्याला तपासणी आणि जो आला नाही त्याला पुन्हा बोलावणं, एवढंच होतं. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

गोळीची सवय लागते का?

लोकांच्या मनातली सगळ्यात मोठी भीती हीच आहे. ‘एकदा चालू केली की सुटत नाही’ म्हणून अनेकजण सुरुवातच करत नाहीत.

बीपी, शुगर, थायरॉईडच्या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. तंबाखू किंवा दारूसारखी तलफ येत नाही. चष्मा लागलेल्या माणसाला चष्म्याची ‘सवय’ लागत नाही, त्याला नजरेसाठी त्याची गरज असते. गोळी थांबवल्यावर बीपी वाढतो, कारण मूळ आजार तिथंच असतो. गोळीनं तो नवीन तयार केलेला नसतो.

काही औषधं मात्र एकदम बंद करायची नसतात. फिटची गोळी अचानक सोडली तर लागोपाठ झटके येऊ शकतात आणि जीवावर बेततं. हृदयाच्या ठोक्यांसाठी दिलेली अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम बंद केली तर बीपी आणि ठोके उसळतात. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबवणंही धोक्याचं. अँजिओप्लास्टी करून स्टेंट बसवलेल्या माणसानं रक्त पातळ करण्याची गोळी मनानं सोडली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन अटॅक येऊ शकतो. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरला विचारूनच ठरवायचं.

झोपेच्या गोळीची गोष्ट वेगळी. तिची सवय खरोखर लागते. कुणाची तरी चिठ्ठी दाखवून ती परस्पर आणणं आणि वर्षानुवर्षं घेत राहणं चुकीचं आहे. ती घेत असाल तरी एकदम न सोडता डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करावी.

किडनी गोळीनं जाते की गोळी न घेतल्यानं?

‘इतक्या गोळ्या खाऊन किडनी खराब होईल’ हेही सर्रास ऐकू येतं. खरं म्हणजे किडनी निकामी होण्याची दोन मोठी कारणं म्हणजे ताब्यात नसलेली शुगर आणि ताब्यात नसलेला बीपी. रोजची गोळी किडनी वाचवण्यासाठीच असते. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल अशी बीपीची काही औषधं तर मधुमेहात किडनी जपायलाही देतात.

किडनीला खरा धोका आहे तो दुखण्याच्या गोळ्यांचा. गुडघा दुखला, कंबर धरली, की दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅकची पट्टी आणायची आणि महिनोन् महिने खायची, हे गावोगाव चालतं. या गोळ्यांनी बीपी वाढतो, किडनीवर ताण येतो आणि पोटात अल्सर होऊ शकतो. आधीच बीपी-शुगर असलेल्या माणसाला हा धोका जास्त. दुखण्यासाठी काय घ्यायचं हे विचारून घ्यावं आणि विचारताना रोजच्या गोळ्या दाखवाव्यात.

लेबल नसलेल्या पुड्या, ‘शुगर मुळासकट घालवणारं’ चूर्ण, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला काढा यांच्या नादानं चालू गोळी बंद करू नये. अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं देशात घडली आहेत. स्टिरॉइडनं दुखणं चार दिवस थांबतं, पण शुगर आणि बीपी दोन्ही वाढतात.

एकादशी, वारी आणि ऊसतोड

पंढरपूर तालुक्यात एकादशी न धरणारं घर शोधावं लागतं. उपवासाच्या दिवशी बीपीची आणि थायरॉईडची गोळी बंद ठेवण्याची गरज नाही. ती पाण्याबरोबर घेता येते.

शुगरच्या गोळीचं मात्र जपावं लागतं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहिलं, तर शुगर एकदम खाली जाते. दरदरून घाम, थरथर, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, माणूस भलतंच बोलायला लागणं, ही त्याची लक्षणं. माणूस शुद्धीत असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून द्यावी किंवा गूळ खायला द्यावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा.

दुसरी बाजूही आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळं, केळी असा भरपेट फराळ झाला तर त्याच दिवशी शुगर उलट वाढते. त्यामुळे निर्जळी उपवास करणारे आणि फराळ करणारे या दोघांनीही आपली एकादशी कशी असते ते डॉक्टरांना आधीच सांगून, त्या दिवशीची गोळी किती आणि कधी हे लिहून घ्यावं. माळकरी माणसानं हे विचारण्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

वारीला पायी जाणाऱ्यांनी जायच्या-यायच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्तीच्या गोळ्या सोबत घ्याव्यात. सगळ्या एका पिशवीत न ठेवता निम्म्या सोबत्याच्या पिशवीत द्याव्यात. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असावा. शुगर असलेल्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज मुक्कामी तळपाय बघावेत. शुगरमुळे पायाची जाणीव कमी होते, फोड आलेलाही कळत नाही आणि जखम चिघळते. चालताना जुलाब-उलट्या झाल्या, अंगातलं पाणी कमी झालं, तर बीपीची आणि शुगरची काही औषधं तात्पुरती थांबवावी लागतात. हा निर्णय वाटेवरच्या आरोग्य पथकातल्या डॉक्टरांना विचारून घ्यावा.

ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेर जाणाऱ्या कुटुंबांचं औषध सगळ्यात जास्त तुटतं. कार्ड आणि चिठ्ठी जवळ असेल तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही तीच गोळी मिळू शकते. गाव बदललं म्हणून उपचार पहिल्यापासून सुरू करावे लागत नाहीत.

पैशासाठी गोळी मोडू नका

महिन्याचा खर्च परवडत नाही म्हणून एक दिवसाआड गोळी घेणारे, अर्धी मोडून घेणारे अनेक आहेत. त्यात नवरा-बायको दोघांनाही बीपी असेल तर एकाच पट्टीत दोघांचं भागवलं जातं. यात पैसेही जातात आणि बीपीही ताब्यात राहत नाही. दुसऱ्याची गोळी आपल्याला चालेलच असंही नसतं.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. करकंबचं ग्रामीण रुग्णालय, पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय आणि गावोगावची प्राथमिक आरोग्य केंद्रं याच विभागाची. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या तिथं मिळतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तपासणी करणं हे सरकारी कार्यक्रमात बसतं. आशाताई घरी आल्या तर तपासणी टाळू नये.

कधी साठा संपलेला असतो. अशा वेळी ‘गोळी नाही मिळाली’ म्हणून गप्प बसू नये. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं आणि जनऔषधी केंद्रातून जेनेरिक गोळी आणावी. नाव वेगळं, पट्टीचा रंग वेगळा, तरी आतलं औषध आणि त्याचं प्रमाण तेच असेल तर ती चालते. पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळतात का, हे घरातल्या शिकलेल्या पोरानं मोबाइलचा कॅमेरा मोठा करून बघावं. खासगी डॉक्टरांनाही स्पष्ट सांगावं, ‘डॉक्टर, एवढं परवडत नाही, स्वस्तातलं लिहून द्या.’

कुठली गोळी कधी?

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. त्यानंतर किमान अर्धा तास चहासुद्धा नको. कॅल्शियम आणि लोहाची गोळी तिच्यानंतर चार तासांनी.

मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर घ्यावी म्हणजे पोट बिघडत नाही. ग्लिमेपिराइड जेवणाच्या थोडं आधी किंवा पहिल्या घासाबरोबर, पण जेवण होणार नसेल तर ती घेऊ नये. बीपीची गोळी रोज ठरलेल्या एकाच वेळेला. तपासणीला जायच्या दिवशीही बीपीची गोळी चुकवू नये, नाहीतर मशीनवर चुकीचा आकडा येतो.

दिवसातून एकदाची गोळी चुकली आणि त्याच दिवशी आठवली तर लगेच घ्यावी. थेट दुसऱ्या दिवशी गोळीच्या वेळेला आठवलं तर कालची सोडून द्यावी. दोन दिवसांच्या दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

गोळ्या चुलीजवळ, पत्र्याच्या छताला लागून असलेल्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नयेत. आपल्याकडचा उन्हाळा चाळिशी पार करतो आणि उष्णतेनं औषध खराब होतं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिज नसेल तर छोट्या मातीच्या माठात, पाणी लागणार नाही अशा डबीत घालून, सावलीत ठेवण्याची पद्धत उपयोगाची आहे.

त्रास झाला तर सांगा, लपवू नका

गोळीनं कधी त्रासही होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या पायाच्या घोट्याला सूज येते. एनालाप्रिल, रॅमिप्रिलनं कोरडा खोकला लागतो. मेटफॉर्मिननं सुरुवातीला पोट ढवळतं. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे. गोळी बदलता येते, प्रमाण कमी करता येतं. परस्पर बंद करणं हा उपाय नाही. ओठ, जीभ, चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर मात्र पुढची गोळी न घेता लगेच दवाखान्यात जावं.

एखाद्याचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर मालिश किंवा घरगुती उपाय करत बसू नये. १०८ ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून सीटी स्कॅन असलेलं रुग्णालय लवकर गाठणं महत्त्वाचं. त्रास कधी सुरू झाला ती वेळ लक्षात ठेवावी.

गोळी कधीच कमी होत नाही का?

होते. वजन उतरलं, जेवणातलं मीठ, पापड, लोणचं, खारवलेले शेंगदाणे कमी झाले, तंबाखू-मिश्री आणि दारू सुटली, रोजचं चालणं सुरू झालं, तर अनेकांची गोळी कमी होते. सुरुवातीच्या मधुमेहात वजन बरंच कमी केल्यावर काहींची गोळी बंदही होते. पण हे आकडे बघत बघत, डॉक्टरांच्या नजरेखाली व्हायला हवं. बंद झाली तरी तपासणी चालूच ठेवावी लागते.

घरच्यांनी एवढं करावं

वाचता न येणाऱ्या आई-आबांच्या पट्टीवर पेननं सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढून द्यावा. मोबाइलला रोजच्या वेळेचा अलार्म लावावा. गोळ्या चहाच्या डब्याशेजारी किंवा रोज हात जातो अशा जागी, पण लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. पट्टीत सात गोळ्या उरल्या की नवीन आणायची, शेवटच्या गोळीची वाट बघायची नाही.

घरातल्या सुनेची थायरॉईडची किंवा लेकीची फिटची गोळी ‘लोक काय म्हणतील’ म्हणून लपवायला लावू नये. लपवलेली गोळी हमखास चुकते. फिटची गोळी घेणाऱ्या बाईनं मूल ठेवण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं, कारण काही गोळ्या गरोदरपणात बदलाव्या लागतात. बीपीच्या काही गोळ्यांचंही तसंच आहे.

पुढच्या तपासणीला जाताना रिकाम्या पट्ट्यांसकट सगळी औषधं पिशवीत घालून न्यावीत. त्यात दुखण्याच्या गोळ्या आणि चूर्णही आलं. शुगर असेल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी वर्षातून किमान दोनदा, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी वर्षातून एकदा, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा करून घ्यावी. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसावं आणि मगच हाताला पट्टा बांधू द्यावा. आलेला आकडा तारखेसह कार्डावर लिहून घ्यावा. आणि तो आकडा चांगला असेल, तर त्या रात्रीची गोळीही वेळेवर घ्यावी.